एकसाली सायकल

आमच्या घरात ओव्हन उघडण्याआधी विचारावं लागतं. एकदा पाहुणे यायचे होते म्हणून मी बिस्किटांचा ट्रे सरकवायला गेले, तर आत मडगार्डच्या काड्या काळ्या रंगात निवांत भाजत पडल्या होत्या. नवरा धावत आला. "मध्येच दार उघडू नकोस, रंगाला सुरकुत्या पडतात," म्हणाला. पाहुण्यांना त्या दिवशी दुकानातली बिस्किटं मिळाली, आणि त्यांनी ती खात खात काड्यांचंच कौतुक केलं. असल्या गोष्टी हसत हसत सांगायला मी शिकले आहे. संसारात काहीतरी शिकावंच लागतं.

माझ्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर तो लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो आणि संध्याकाळी मागच्या शेडमध्ये जुन्या सायकली जुळवत बसतो. जुन्या म्हणजे कुठल्याही नव्हेत. इंग्लंडच्या कारखान्यातून आलेल्या, काळ्या, उंच, पाठ ताठ ठेवून चालवायच्या. त्यांच्या ब्रेकला तारा नसतात, लोखंडी सळया असतात. चेन बंद डब्यात तेलात फिरते, त्यामुळे पँटला डाग लागत नाही. असल्या चार-पाच सायकली शेडमध्ये कायम उघड्या पडलेल्या असतात. त्यातली लाडकी एकच, तिचं नाव 'साहेब'. माझ्या मैत्रिणी तिला माझी सवत म्हणतात. मी म्हणते, सवत असती तर भांडायला तिला तोंड तरी असतं.

या लोकांचा एक धर्म आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मागच्या चाकाच्या मधोमध जो जाड हब असतो, ज्याच्या पोटात गिअर असतात, त्यावर तो कुठल्या साली बनला ते कोरलेलं असतं. फ्रेमचंही साल नंबरावरून निघतं. दोन्ही जुळली, आणि सीट, घंटी, दिवा, ब्रेकची मूठ हे सगळंही त्याच सालचं निघालं, तर ती सायकल 'एकसाली'. एकसाली सायकल ज्याच्याकडे, त्याला या मंडळींत मान. बाकीचे आयुष्यभर दुसऱ्यांच्या अडगळीत वाकून बघत फिरतात. साहेबाची फ्रेम चांगल्या सालची होती, पण हब नंतरचा होता आणि सीट कुणाची तरी भलतीच. हे दुःख माझ्या नवऱ्याने मुलाबाळांच्या दुःखासारखं उराशी बाळगलं होतं.

आणि मग बाबा आमच्याकडे राहायला आले.

बाबा म्हणजे माझे वडील. ते पाण्याचे मीटर वाचायचे. घरोघरी सायकलवरून जायचं, तळघरात नाहीतर जिन्याखाली वाकायचं, बॅटरीच्या उजेडात आकडे वाचायचे. आयुष्यभर अंधारात आकडे वाचलेल्या डोळ्यांनी म्हातारपणी साथ सोडली. आधी आकडे गेले, मग चेहरे गेले, आता खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं. आई नव्हतीच. मी म्हटलं, माझ्याकडे चला. येताना त्यांनी दोन पेट्या कपडे आणले आणि एकच गोष्ट मागितली. "सायकल तेवढी आणता येईल का गं? चालवणार नाही मी. असू दे नुसती."

तीही तसलीच काळी उंच सायकल. नवऱ्याने ती टेम्पोतून उतरवली, गुडघ्यावर बसून मागच्या हबवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि वाचलं. त्याचा चेहरा मी पाहिला. आमच्या लग्नातही तो इतका उजळला नव्हता.

बाबांचा नेम ठरून गेला. सकाळी चहा झाला की भिंत धरत शेडपर्यंत जायचं. सायकलच्या सीटवर तळहात टेकायचा. त्या चामड्याची शिवण एकदा उसवली होती, ती त्यांनी मेण लावलेल्या दोऱ्याने स्वतः शिवली होती. मग पुढच्या दांडीवर बोट फिरवायचं. तिथे दोन खाचा होत्या, कारण मी लहान असताना त्या दांडीवर माझी लाकडी सीट लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असायची. शेवटी मागचं चाक उचलून फिरवायचं आणि ऐकायचं. या हबना टिकटिक असते. बाबांच्या हबमध्ये आतली एक खिटी झिजलेली होती, त्यामुळे मध्येच एक टिक चुकायची. टिक, टिक, टिक, आणि मग एक गप्प. लहानपणी मी खिडकीत बसून त्या चुकलेल्या टिकेवरून बाबा कोपऱ्यावर आले हे ओळखायचे. चाक थांबलं की बाबा परत फिरायचे. एवढंच. त्यांच्या दिवसातला तेवढा वेळ त्यांचा होता, बाकीचा दिवस आमच्या घरातल्या वेळापत्रकाचा.

एक दिवस नवरा जेवताना म्हणाला, "बाबा, तुमची सायकल मी नव्यासारखी करून देतो."

बाबा म्हणाले, "कशाला त्रास घेता जावईबापू? बरी आहे ती."

"त्रास कसला? आपल्या घरात आहे आणि अशी गंजत ठेवायची? मला लोक काय म्हणतील?"

बाबांनी मान हलवली. मला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करते. मला वाटलं, चला, माझ्या माणसासाठी याने एकदा तरी पाना हातात घेतला.

सायकल सुटी झाली. बाबांचं सकाळी शेडमध्ये जाणं थांबलं, कारण फरशीवर भाग पसरलेले, पाय पडला तर काय घ्या. ते खोलीत बसून राहायला लागले. मधूनमधून विचारायचे, "झाली का गं?" मी सांगायचे, "होतेय." ऋतू बदलला, पंखे बंद झाले, स्वेटर निघाले. बाबांनी विचारणं कमी केलं. जास्त विचारलं तर तगादा वाटेल, म्हणून. स्वतःच्या घरात माणूस तगादा लावतो, लेकीच्या घरात वाट बघतो.

एका संध्याकाळी नवऱ्याला जेवायला बोलवायला मी शेडमध्ये गेले. साहेब स्टँडवर चढवलेला होता आणि नवरा मागचं चाक फिरवून डोळे मिटून ऐकत होता. टिक, टिक, टिक, गप्प.

"हे बाबांचं चाक आहे," मी म्हटलं.

"हब फक्त. आरे आणि रिम माझी आहे."

सीटवर मेणाच्या दोऱ्याची शिवण होती. घंटी बाबांची, ब्रेकची मूठ बाबांची, पितळ उघडं पडलेली.

"त्यांच्या सायकलला काय उरलंय मग?"

"फ्रेम," तो शांतपणे म्हणाला. गिऱ्हाईकाला नंबर समजावून सांगतो तसा. "फ्रेम म्हणजेच सायकल. बाकी सगळे सुटे भाग. दोन्ही एकाच कारखान्यातल्या, एकाच सालच्या, मग फरक काय पडतो? साहेब एकसाली झाला बघ, पूर्ण. आणि बाबांना मी सगळं दुसरं लावून देतोय, चकचकीत. त्यांना थोडंच दिसतंय?"

हे चष्मेवाल्याचे शब्द. मी पुढे झाले आणि शेडमधला दिवा बंद केला. "आता बघू तुम्हाला काय दिसतंय," म्हटलं आणि दार लावून घरात आले. बराच वेळ आतून डबे पडल्याचे आवाज येत होते. मला वाईट वाटलं नाही.

सकाळी तो समजुतीने बोलायला आला. पुढच्या महिन्यात जुन्या सायकलींचा मेळावा होता. तेवढा होऊ दे, म्हणाला, साहेबाला एकदा लोकांसमोर उभा करू दे, मग सगळे भाग परत बाबांच्या सायकलला. शब्द दिला. "मात्र तोवर त्यांच्या कानावर घालू नकोस, उगीच मनाला लावून घेतील." मी मान्य केलं. माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, असं मी तेव्हा समजत होते. आजही समजते. तो बोलतो ते त्याला खरंच वाटत असतं, त्याला इलाज नाही.

पण मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात त्याला उमाळा आला. त्याने बाबांची फ्रेम रंगवून, सोनेरी रेघा ओढून, इकडचे तिकडचे भाग लावून सायकल उभी केली आणि बाबांना हाताला धरून शेडमध्ये नेलं. "घ्या बाबा. आली तुमची."

बाबांनी आधी तळहात सीटवर ठेवला. सीट नवी, टणक होती. तळहात तिथे थोडा थांबला. मग मुठीवरून अंगठा फिरला. मग बोट पुढच्या दांडीवर गेलं, इकडून तिकडे आणि परत तिकडून इकडे.

"इथे दोन वाईट खाचा होत्या," नवरा कौतुकाने म्हणाला. "भरून काढल्या. बोट फिरवून बघा, कळणारसुद्धा नाही."

"हो," बाबा म्हणाले. "कळत नाही."

त्यांनी चाक उचलून फिरवलं. त्याला गिअरचा हब नव्हताच. चाक मुकाट्याने फिरत राहिलं, आणि बाबा ते थांबेपर्यंत कान लावून उभे राहिले.

"मग? ओळखलीत ना?" नवऱ्याच्या आवाजात इतकी आशा होती की मलाच क्षणभर वाटलं, यांनी हो म्हणावं.

"म्हणजे काय," बाबा म्हणाले. "हीच. वा, जावईबापू. फार कष्ट घेतलेत."

खोलीत आल्यावर त्यांनी मला दार लोटायला सांगितलं. "कुणाची आहे गं ती? कुणाची बदलून आली असेल तर तो माणूस वाट बघत असेल."

"तुमचीच आहे बाबा. काही भाग बदललेत. येतील परत."

"मग मी बोललो ते बरं केलं. एवढा राबलाय तो, तोंडावर नाही कसं म्हणायचं?" ते चाचपत खाटेवर बसले. "येतील ना नक्की?"

"येतील," मी म्हटलं.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. रात्री मी नवऱ्याला शब्दाची आठवण करून दिली, तर तो चक्क चकित झाला. "परत? आता कशाला? ओळखली ना त्यांनी. तू होतीस की तिथे."

"त्यांनी तुमचं मन राखलं."

"तुला काय माहीत? त्यांची सायकल तू त्यांच्यापेक्षा जास्त ओळखतेस?" आणि तो उठून सरळ बाबांच्या खोलीच्या दारात गेला. मी मागोमाग. "बाबा, ही म्हणते ती सायकल तुमची वाटत नाही तुम्हाला. खरं सांगा. नसेल तर मी आत्ता सगळं बदलतो."

इतका सोपा प्रश्न होता. नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी आधी आवाजाच्या दिशेने मान वळवली, मग माझ्या बाजूला, मी जिथे असेन असं त्यांना वाटलं तिथे. मी तिथे नव्हते, थोडी डावीकडे होते.

"हीच आहे हो," ते हसून म्हणाले. "पोरीचं काय ऐकता? तिला लहानपणापासून शंका काढायची सवय आहे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आवळा देऊन कोहळा काढणाऱ्या माणसाला निदान आपण काय केलं ते ठाऊक असतं. याला तेही नव्हतं. तो समाधानाने झोपला. मी त्या रात्री नवऱ्यावर रागावले आणि बाबांवर त्याहून जास्त रागावले. नवऱ्यावर रागावणं मला सवयीचं होतं.

मेळावा एका शाळेच्या पटांगणावर होता. रांगेत काळ्या सायकली, त्यांच्यामागे त्यांचे मालक, आणि मालकांच्या मागे घडीच्या खुर्च्यांवर आम्ही बायका, थर्मास घेऊन. बाबांना मी बरोबर आणलं होतं, कारण नवऱ्याचा आग्रह. परीक्षक एक निवृत्त दंतवैद्य होते. ते दात तपासायचा छोटा आरसा घेऊन आले होते आणि पेडलच्या खाली, सीटच्या पोटात, डब्याच्या मागे तो घालून बघत होते. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "आता आ करायला सांगतील." मी हसले. बाबाही हसले. तो दिवस तिथवर चांगला गेला.

मग दंतवैद्य आमच्यापाशी आले आणि म्हणाले, "जरा हाताने चालवून दाखवा." नवऱ्याने साहेबाला हँडलला धरून आमच्या समोरून नेलं.

टिक, टिक, टिक, गप्प. टिक, टिक, टिक, गप्प.

बाबांची बोटं माझ्या कोपरावर होती. ती आवळली गेली. त्यांची मान त्या आवाजामागे वळत गेली, रांगेच्या टोकापर्यंत आणि परत.

"चाल थोडी लंगडी वाटते," दंतवैद्य म्हणाले.

"मुद्दाम ठेवली आहे," नवरा म्हणाला. या प्रश्नाची तो वाटच बघत होता. "आतली झिजलेली खिटीसुद्धा मूळची आहे. ती बदलली असती तर सायकल एकसाली राहिली नसती. माझ्याच्याने तो खोटेपणा झाला नसता."

दंतवैद्यांनी आरसा खिशात ठेवला आणि त्याच्याशी हात मिळवला. आजूबाजूचे लोक जमा झाले. आणि मग, आनंद मावेना म्हणून, माझ्या नवऱ्याने ती गोष्ट सांगायला सुरुवात केली: "माझे सासरे, दृष्टी गेलेली, मी त्यांची सायकल दुरुस्त केली, आणि त्यांनी नुसत्या हाताने ओळखली. इकडे या ना बाबा. सांगा ना यांना."

मी उठले ते बोलायच्याच तयारीने. माझी जीभ तिखट आहे, सगळं कुटुंब जाणतं, आणि अशा जागेसाठीच ती देवाने दिली असणार. पण बाबांनी माझं कोपर सोडलं नाही. पूर्वी गर्दीच्या रस्त्यावर मला दांडीवरून उतरवताना धरायचे तसं घट्ट धरलं, आणि माझ्याबरोबर पुढे आले.

"हा आमचा साहेब," नवरा म्हणाला आणि त्याने बाबांचा हात उचलून सीटवर ठेवला. प्रेमानेच ठेवला. बाबांचा अंगठा मेणाच्या दोऱ्याच्या शिवणीवर पडला. तो तिथून हलला नाही.

"खरंच हाताने ओळखलीत तुमची सायकल?" दंतवैद्यांनी विचारलं.

"हो," बाबा म्हणाले. "हाताला कळतं."

लोक हळहळले, कुणी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि ही कशी वाटते?"

"चांगली आहे." बाबांनी शिवणीवरून अंगठा एकदाच फिरवला आणि हात काढून घेतला. "ज्याची कुणाची होती, त्याने जपलेली दिसते."

"अगदी बरोबर," दंतवैद्य म्हणाले. "पहिला मालक चांगला लागतो."

परतताना नवरा साहेबाला टेम्पोत बांधत होता, तेव्हा मी बाबांना बाजूला घेतलं. "घरी गेल्यावर मी बोलणार आहे. मला थांबवू नका."

"काय बोलशील? दोनदा हो म्हटलंय मी, आज तर चारचौघांत." त्यांचा आवाज साधा होता, मीटरचा आकडा सांगावा तसा. "तो मनाने वाईट नाही. त्याला वाटतं त्याने मला सायकल दिली. ते मोडलंस तर तो मला रोज जेवायला वाढेल आणि रोज त्याला ते आठवेल. मला तिथेच राहायचंय, बाळ. दुसरं घर कुठलं आता?"

आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. सायकलीबद्दल कुणी काही म्हटलेलं नाही. मी गप्प बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच, आणि तोंड दाबणारा हात माझ्या बापाचा.

बक्षिसाची ढाल बाहेरच्या खोलीत आहे. बाबांची चकचकीत सायकल शेडमध्ये भिंतीला टेकून आहे. बाबा तिकडे जात नाहीत. नवरा म्हणतो, म्हातारपण, हौस कमी होते. मी त्याच्याशी हल्ली जेवणाचं आणि बिलांचं बोलते. माझ्यात बदल झालाय हे त्याच्या लक्षात आलेलं नाही.

दर रविवारी सकाळी तो साहेबाला फिरवायला नेतो. शेडमधून निघून बाबांच्या खिडकीवरून फाटकाकडे वाट जाते. बाबा तेव्हा चहा पीत असतात. आवाज सुरू झाला की कप तोंडापाशी थांबतो. टिक, टिक, टिक, गप्प. फाटक वाजतं, रस्ता येतो, कोपऱ्यावर आवाज संपतो. त्यानंतरही ते काही वेळ तसेच बसतात.

"बघितलंस?" मागच्या रविवारी नवरा परत आल्यावर म्हणाला. "साहेबाचा आवाज किती आवडतो त्यांना. मी मुद्दाम खिडकीवरून हळू नेतो."

मी बाबांच्या हातातला गार झालेला कप घेतला आणि दुसरा चहा ठेवायला गेले.